अर्धा ग्रॅम हॅफ्नियम: गाठीत टोचलेल्या एका नॅनो-औषधाचं प्रकरण

सुई थेट गाठीत जाते. समजा, टॉन्सिलच्या जागी ४० मिलीलीटरची, म्हणजे मोठ्या लिंबाएवढी कॅन्सरची गाठ आहे. तिच्या आकारमानाच्या २२ टक्के, म्हणजे ८.८ मिली पांढरा द्रव सिरिंजमध्ये भरतात आणि गाठीत वेगवेगळ्या कोनांतून सोडतात. लीटरला ५३.३ ग्रॅम या हिशेबाने आत किती पदार्थ गेला, हे मी कागदावर काढून बघितलं. जेमतेम ४७० मिलीग्रॅम, अर्ध्या ग्रॅमलाही थोडं कमीच. एवढंच औषध, आणि तेही एकदाच. त्यानंतर काही दिवसांतच रेडिएशन सुरू होतं. आपल्याकडचे पेशंट ज्याला ‘लाईट घेणं’ म्हणतात तेच. सोमवार ते शुक्रवार, सात आठवडे, ३५ बैठका, एकूण ७० ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं एकक). चेहऱ्यावर जाळीचा प्लास्टिकचा मास्क, तो टेबलाला खटाखट अडकवलेला, म्हणजे मान तसूभरही हलू नये. यात वेगळं काहीच नाही. मशीन तेच, बैठका तेवढ्याच, डोस तोच. फरक फक्त गाठीत जाऊन बसलेल्या त्या अर्ध्या ग्रॅमचा.

तो पदार्थ म्हणजे हॅफ्नियम ऑक्साइड. एकेक कण साधारण ५० नॅनोमीटरचा, कोरोनाच्या विषाणूच्या निम्म्या आकाराचा. हॅफ्नियम हा धातू १९२३ मध्ये कोपनहेगनमध्ये सापडला, आणि त्या शहराच्या लॅटिन नावावरून, हाफ्निया, त्याला नाव मिळालं. अणुभट्टीतल्या नियंत्रक दांड्यांत तो वापरतात. २००७ पासून संगणकाच्या चिपमध्येही त्याचं ऑक्साइड आलं. औषधाच्या दुकानाशी त्याचा दूरदूरचा संबंध नव्हता. पॅरिसच्या नॅनोबायोटिक्स कंपनीने तो जोडला. लॉरां लेव्ही यांनी २००३ मध्ये स्थापलेली ही कंपनी. औषधाचं नाव एनबीटीएक्सआर३. २०२३ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनच्या जॅन्सेनने त्याचे हक्क घेतले आणि आता ते जेएनजे-१९०० म्हणूनही ओळखलं जातं.

नॅनो म्हटलं की आपल्याकडे लगेच ‘स्मार्ट’ औषधाची गोष्ट सुरू होते. शिरेतून सोडलेला कण शरीरभर फिरतो, कॅन्सरची पेशी ओळखतो, तिथेच औषध सोडतो. चित्र सुंदर आहे, प्रत्यक्षात मात्र ते फार क्वचित उतरतं. कॅनडातल्या टोरंटो विद्यापीठातल्या वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतले प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. शिरेतून दिलेल्या नॅनो कणांपैकी गाठीपर्यंत पोचलेला वाटा, मध्यक धरला तर, ०.७ टक्के. उरलेले बहुतेक यकृत आणि प्लीहा गिळून टाकतात, कारण बाहेरचा कण दिसला की तो काढून टाकणं हेच त्यांचं काम. एनबीटीएक्सआर३ या शर्यतीत उतरतच नाही. ते सुईने जागेवर नेऊन ठेवायचं. हा कण हुशार नाही, तो फक्त जड आहे. मला या प्रकरणात सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

इम्युनोथेरपी कुठे अडते

डोकं आणि मानेच्या कॅन्सरमध्ये इम्युनोथेरपी आली तेव्हा डॉक्टरांच्या बोलण्यातला उत्साह लपत नव्हता. टी पेशींवर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या सैनिकांवर, पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो. कॅन्सर तो दाबून धरतो आणि पेशी गप्प राहतात. निवोलुमॅब, पेंब्रोलिझुमॅब ही औषधं तो ब्रेक सोडवतात. पीडी-१ क्योटोच्या तासुकु होंजो यांनी १९९२ मध्ये शोधला, आणि २०१८ चं नोबेल त्यांना व जेम्स अ‍ॅलिसन यांना मिळालं.

२०१६ मध्ये चेकमेट-१४१ या चाचणीचे निकाल आले. सिस्प्लॅटिनसारखं प्लॅटिनमचं केमो निष्प्रभ ठरलेले ३६१ पेशंट होते. निवोलुमॅब घेतलेल्यांचं मध्यक आयुष्य ७.५ महिने, नेहमीच्या औषधांवरच्यांचं ५.१. वर्षभर जगलेले ३६ टक्के विरुद्ध १६.६ टक्के. या आजारात असा फरक बऱ्याच वर्षांत कुणी पाहिला नव्हता. पण त्याच पेपरमधला दुसरा आकडा असा की गाठ खरोखर आक्रसली ती फक्त १३.३ टक्के लोकांची. साधारण साडेसातांत एक.

बाकीच्यांत काय होतं? ब्रेक सोडला, पण गाडीतच कुणी नाही. अनेक गाठींत टी पेशी शिरलेल्याच नसतात, किंवा काठावर थबकलेल्या असतात. डॉक्टर अशा गाठीला ‘कोल्ड’ म्हणतात, थंड. ती तापवायची कशी, हा गेल्या दहा वर्षांतला मोठा प्रश्न, आणि त्याचं सगळ्यांना आधी सुचलेलं उत्तर म्हणजे रेडिएशन. किरणांनी पेशी फुटल्या की त्यांचे अवशेष बाहेर पडतात, डीएनएचे तुकडे पेशीरसात सांडतात, आणि पेशीला वाटतं की आत विषाणू शिरलाय. ती इंटरफेरॉनची, म्हणजे प्रतिकारशक्तीला हाक देणाऱ्या प्रथिनांची, बोंब ठोकते. सीजीएएस-स्टिंग असं या गजराच्या यंत्रणेचं नाव. या बोंबेने टी पेशी जाग्या झाल्या तर एका गाठीला लाईट द्यायचा आणि दूरची, हात न लावलेली गाठही विरायची, असं होऊ शकतं. १९५३ मध्ये आर. एच. मोल या ब्रिटिश डॉक्टरने याला ‘अ‍ॅबस्कोपल’ परिणाम असं नाव दिलं. नाव छान आहे, पण प्रत्यक्षात हा परिणाम इतका दुर्मीळ की एखादा पेशंट तसा निघाला तर त्याच्यावर स्वतंत्र पेपर लिहितात.

मग जोडून बघितलं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये ६२ पेशंटांना दोन गटांत विभागलं. एका गटाला नुसतं निवोलुमॅब, दुसऱ्याला निवोलुमॅब आणि एका गाठीवर नेमका, जोरदार लाईट. मोजलं ते लाईट न दिलेल्या गाठींवर. निकाल २०२१ मध्ये छापून आला. नुसत्या निवोलुमॅबने ३४.५ टक्के पेशंटांत त्या आक्रसल्या, लाईट जोडून २९ टक्के. म्हणजे लाईटचा फायदा शून्य. मोठ्या चाचण्यांतही हेच झालं. केमो-रेडिएशनबरोबर निवोलुमॅबच्याच जातीचं अ‍ॅव्हेलुमॅब देणारी, ६९७ पेशंटांची जॅव्हेलिन हेड अँड नेक १०० चाचणी मध्येच थांबवावी लागली. पेंब्रोलिझुमॅबची, ८०४ जणांची कीनोट-४१२ उद्दिष्टापर्यंत पोचली नाही. सिस्प्लॅटिन न झेपणाऱ्यांमध्ये त्याच जातीचं ड्युरव्हॅलुमॅब आणि लाईट, असा प्रयोग एनआरजी-एचएन००४ मध्ये झाला. त्यात कॅन्सरपेशींची वाढ रोखणारं जुनं सेटुक्सिमॅबच सरस ठरलं.

का, यावर डॉक्टरांत अजून वाद आहे. एक तर्क मला पटतो. घशाच्या कॅन्सरला लाईट देताना मानेतल्या लसिका गाठींचा सगळा पट्टा भाजून काढतात, कारण कॅन्सर तिथेच आधी पसरतो. पण टी पेशींची तालीम होते तीही त्याच गाठींत. एका हाताने सैन्य बोलवायचं आणि दुसऱ्या हाताने छावणी जाळायची. २०२५ मध्ये आलेल्या कीनोट-६८९ च्या निकालाने या तर्काला थोडं बळ दिलं. तिथे पेंब्रोलिझुमॅब ऑपरेशनच्या आधी, लसिका गाठी जागेवर असताना सुरू केलं, आणि आजार परतण्याआधीचा मध्यक काळ ३०.४ महिन्यांवरून ५१.८ महिन्यांवर गेला.

या पार्श्वभूमीवर हॅफ्नियमवाल्यांचं म्हणणं साधं होतं. रेडिएशनने टी पेशी जाग्या होत नाहीत याचा अर्थ गजर वाजत नाही असा नाही, तो पुरेसा मोठा वाजत नाही. आजूबाजूच्या निरोगी भागाला जास्तीची झळ न लावता फक्त गाठीच्या आत घाव वाढवता आला, तर आवाज वाढेल.

कण काय करतो, आणि किती करतो

इथे थोडं पदार्थविज्ञान सोसावं लागेल. क्ष-किरण अणूवर आदळला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, आणि पेशीची खरी मोडतोड हे इलेक्ट्रॉनच करतात. कमी ऊर्जेच्या किरणांसाठी ही शोषण्याची क्षमता ढोबळमानाने अणुक्रमांकाच्या घनाच्या पटीत वाढते. आपलं शरीर बहुतांश पाणी, त्याचा परिणामी अणुक्रमांक सातच्या आसपास. हॅफ्नियमचा ७२. म्हणजे कणाला किरण लागला की त्याच्या अवतीभवती इलेक्ट्रॉनांची फवारणी होते, तीही पेशीच्या आतच. किरण बंद, की कण पुन्हा निपचित. तो विरघळत नाही, कशाशी अभिक्रिया करत नाही.

कल्पना हॅफ्नियमवाल्यांची एकट्यांची नव्हे. २००४ मध्ये जेम्स हेनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी उंदरांना सोन्याचे १.९ नॅनोमीटरचे कण टोचून क्ष-किरण दिले, तेव्हा वर्षभर जगलेले उंदीर २० टक्क्यांवरून ८६ टक्क्यांवर गेले. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण तो प्रयोग २५० किलोव्होल्टच्या किरणांवर झाला होता. हॉस्पिटलातलं आजचं लिनॅक, म्हणजे लाईटचं मशीन, सहसा ६ मेगाव्होल्टवर चालतं, आणि त्या ऊर्जेला अणुक्रमांकाचा हा फायदा बराचसा गळून जातो. उरतो तो शरीरात शिरून विखुरलेल्या, ऊर्जा गमावलेल्या किरणांपुरता. कंपनीच्या रंगीत चित्रांत हा मुद्दा शोधावा लागतो. कागदावरचा फायदा आणि प्रत्यक्ष फायदा यातलं अंतर पेशंटांवरच मोजावं लागणार होतं.

पहिला पुरावा डोक्या-मानेतून आलाच नाही, तो आला हातापायांच्या आणि धडाच्या मऊ ऊतींच्या सार्कोमातून, म्हणजे स्नायू, चरबी अशा भागांतल्या कॅन्सरमधून. २०१९ च्या अ‍ॅक्ट-इन-सार्क चाचणीत ऑपरेशनआधी लाईट घेतलेल्यांपैकी, काढलेल्या गाठीत जिवंत कॅन्सर जवळजवळ उरला नाही असे कणांच्या गटात ८७ पैकी १४ निघाले, आणि नुसत्या लाईटच्या गटात ८९ पैकी ७. टक्केवारीत १६ आणि ८. दुप्पट म्हणा किंवा शंभरात आठ जण जास्त म्हणा, दोन्ही खरंच. त्यावर युरोपात ‘हेन्सिफाय’ या नावाने सीई मार्क, म्हणजे विक्रीची मान्यता, मिळाला, तोही वैद्यकीय उपकरण म्हणून. अमेरिकेत मात्र हाच द्रव औषध म्हणून तपासला जातोय. अर्धा ग्रॅम भुकटी तेव्हा एका खंडात यंत्र ठरली आणि दुसऱ्यात औषध, हे मला आजही गमतीशीर वाटतं.

सत्तरीतले पेशंट

मानेच्या कॅन्सरसाठी निवडलेले पेशंट विचारपूर्वक निवडले होते. वाढलेल्या आजाराला प्रमाण उपचार म्हणजे लाईटबरोबर सिस्प्लॅटिन. पण सिस्प्लॅटिन किडनीला आणि कानाला मारतं, आणि वय वाढेल तसा त्याचा उपयोगही ओसरतो. अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात लाईटला केमो जोडल्यावर पाच वर्षांच्या आयुष्यात ६.५ टक्क्यांचा फायदा दिसला, आणि सत्तरीनंतर तो जवळपास उरत नाही. म्हणजे म्हाताऱ्या पेशंटला नुसत्या लाईटवर ठेवावं लागतं. त्याची गाठ बहुधा जिथल्या तिथेच परतते. हा आजार माणसाला गळ्याशीच मारतो, दूरवर पसरून तितका नाही. तेव्हा गाठीतच घाव वाढवणारं औषध इथे आजमावणं तर्काला धरून होतं.

पॅरिसच्या इन्स्टिट्यूट क्युरीचे क्रिस्टोफ ल टूर्नो यांच्या नेतृत्वाखाली आधी १९ जणांवर डोस ठरवला. गाठीच्या आकारमानाच्या ५ टक्क्यांपासून सुरुवात, मग १०, १५ आणि शेवटी २२. हॅफ्नियम सीटीवर लख्ख पांढरं दिसतं, त्यामुळे ते कुठे गेलं हे तपासायला वेगळी खटपट लागत नाही. कण गाठीत राहिले, शेजारच्या निरोगी भागात झिरपले नाहीत. शेवटी २२ टक्के पक्का झाला.

मग विस्तारित गट. ५६ जणांना औषध दिलं. टोचलेल्या गाठीचा प्रतिसाद मोजता आला असे ४४. त्यांच्यात ८१.८ टक्क्यांची गाठ लहान झाली, ६३.६ टक्क्यांत ती दिसेनाशी झाली. बातम्यांत आला तो मध्यक आयुष्याचा आकडा, २३.१ महिने.

इथे मला थांबावंसं वाटतं. २३.१ महिने हा ४४ जणांचा आकडा. ज्यांना सुई टोचली त्या सगळ्या ५६ जणांचा धरला तर १८.१ महिने. वगळलेले १२ जण कोण असतील याचा विचार करा. प्रतिसाद मोजायचा तर पेशंटला पुढच्या स्कॅनपर्यंत तरी टिकावं लागतं. जो आधीच गेला, खचला, ज्याने उपचार मध्येच सोडला, तो मोजणीतून आपोआप बाहेर पडतो. ‘मोजता आलेले’ हे अशा वेळी ‘त्यातल्या त्यात बरे’ यांचंच दुसरं नाव होऊन बसतं. आजार पुढे सरकण्याआधीचा काळही असाच सरकतो, ४४ जणांत १६.९ महिने आणि ५६ जणांत ११.४. आकडे खोटे नाहीत. दोन्ही छापलेत. पण सत्तरीच्या पेशंटला बघून आलेल्या मुलाला बाहेर बाकावर कुठला सांगायचा? मी १८ सांगेन. आणि हेही सांगेन की या गटासमोर तुलनेला दुसरा गटच नव्हता.

ती तुलना नॅनोरे-३१२ या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत होतेय. साधारण ५०० पेशंट, सगळे सिस्प्लॅटिन न झेपणारे. एका बाजूला लाईट, डॉक्टरांच्या मर्जीने सेटुक्सिमॅबसह. दुसऱ्या बाजूला तेच, अधिक हॅफ्नियमची सुई.

आता गजराची परीक्षा

इम्युनोथेरपीशी जोडलेली चाचणी वेगळी, तिचं नाव स्टडी ११००. आजार परतलेले किंवा पसरलेले पेशंट, एका गाठीत हॅफ्नियम, त्यावर लाईट, आणि मग निवोलुमॅब किंवा पेंब्रोलिझुमॅब. याआधी ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमध्ये उंदरांवर खूप काम झालं होतं. उंदराच्या दोन्ही पायांत एकेक गाठ वाढवायची, एकाच गाठीत कण टोचून लाईट द्यायचा, आणि दुसरीवर लक्ष ठेवायचं. पीडी-१ ची औषधं ज्या जातीच्या गाठींवर चालत नव्हती, तिथेही तिन्ही एकत्र दिल्यावर दुसऱ्या पायातली गाठ हटायला लागली. पेशींच्या पातळीवर सीजीएएस-स्टिंगचा गजर कणांमुळे मोठा वाजतो, हेही प्रयोगशाळेत दिसलं.

माणसांमधले आकडे २०२४ मध्ये मांडले गेले. इम्युनोथेरपी कधीच न घेतलेल्या, प्रतिसाद मोजता आलेल्या २५ जणांपैकी जवळपास निम्म्यांच्या गाठी आक्रसल्या, नेमकं सांगायचं तर ४८ टक्के. ती घेऊनही आजार वाढलेल्या २५ जणांत हे प्रमाण २८ टक्के निघालं. दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पहिल्या गटात निवोलुमॅबने एकट्यानेही थोडं काम केलंच असतं. पण ज्या गाठींनी तेच औषध एकदा पचवलंय, त्यांपैकी चारांत एकाहून जास्त पुन्हा हलल्या, याला काहीतरी कारण हवं. ते कारण कण असतील, नुसता लाईटही असेल. तुलनेचा गट नसल्यामुळे हे दोन वेगळे करता येत नाहीत, आणि स्लोन केटरिंगच्या ३४.५ विरुद्ध २९ चा अनुभव ताजा आहे. तिथेही चाचणीआधी सगळ्यांना लाईटबद्दल असंच वाटत होतं.

म्हणून मी हे प्रकरण ‘नॅनोने इम्युनोथेरपी सुधारली’ अशा मथळ्याखाली ठेवणार नाही. गाठीत स्थानिक घाव वाढतो, याला सार्कोमाच्या चाचणीचा भक्कम आधार आहे. तो घाव माणसात प्रतिकारशक्तीला जागं करतो, याला उंदरांचा आधार भक्कम आणि माणसांचा कच्चा.

परळहून बघताना

आपल्याकडे हा आजार घरोघरचा. जगभरची कॅन्सरची आकडेवारी मांडणाऱ्या ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे नवे पेशंट सुमारे १ लाख ४३ हजार. पुरुषांत हाच पहिल्या क्रमांकाचा. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. ती पानटपरीवर किती दिसते ते सांगायला नको. आणि मिश्री लावणाऱ्या बायकांची गणना गुटख्याच्या जाहिरातीत कधी नव्हतीच, पण ओपीडीच्या रांगेत त्या असतात.

हॅफ्नियमच्या चाचण्या चालू असताना परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये अगदी याच दोन प्रश्नांवर काम झालं, आणि तेही नॅनोशिवाय. पहिला प्रश्न, सिस्प्लॅटिन न झेपणाऱ्यांचं काय? ३५६ पेशंटांवर लाईटसोबत आठवड्याला थोडंसं डोसिटॅक्सेल देऊन बघितलं. हे जुनं, जेनेरिक, सहज मिळणारं केमो. दोन वर्षं जगलेले ४१.७ टक्क्यांवरून ५०.८ टक्क्यांवर गेले. इथे तुलनेचा गट होता.

दुसरा प्रश्न, इम्युनोथेरपी न परवडणाऱ्यांचं काय? नेहमीचा निवोलुमॅब दर दोन आठवड्यांनी २४० मिलीग्रॅम. टाटाच्या डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांनी २० मिलीग्रॅम दिलं. सहा आठवड्यांचा हिशेब केला तर ७२० विरुद्ध ४०, म्हणजे अठरावा हिस्सा. १५१ पेशंट, दोन्ही गटांना स्वस्त गोळ्यांचं तिहेरी केमो, एका गटाला वर हे २० मिलीग्रॅम. वर्षभर जगलेले १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर. पूर्ण डोसशी समोरासमोर तुलना त्यात नव्हती, हे खरं. पण त्या पेशंटांपुढे पूर्ण डोस हा पर्याय नव्हताच. त्यांच्यापुढे पर्याय होता तो काहीच नाही हा.

तेव्हा नॅनोरे-३१२ चा निकाल चांगला आला तरी मुंबईतला डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारेल की डोसिटॅक्सेलच्या तुलनेत काय? त्या चाचणीत त्याचं उत्तर मिळणार नाही, कारण समोरचा गट नुसत्या लाईटचा किंवा सेटुक्सिमॅबचा आहे. हा चाचणीचा दोष म्हणता येणार नाही. ती आखली तेव्हा डोसिटॅक्सेलचे आकडे छापून आलेले नव्हते.

त्याहून मोठी अडचण गाठीच्या जागेची आहे. पश्चिमेकडच्या घशाच्या कॅन्सरमध्ये एचपीव्ही विषाणूचा वाटा मोठा, गाठ टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी, आणि उपचार म्हणजे मुख्यतः लाईट. आपल्याकडचा ठरलेला कॅन्सर गाल आणि हिरडीच्या सांध्यातला, जिथे तंबाखूची गोळी धरून ठेवतात तिथला. त्याला आधी ऑपरेशन. गाल, जबडा, मानेतल्या गाठी काढून झाल्यावर मग लाईट. तोवर सुई टोचायला गाठच उरलेली नसते. उरतात ते आजार परतलेले, ऑपरेशन न होण्याजोगे पेशंट.

आणि त्यांतल्या कितीजणांचं तोंड उघडतं? ओपीडीत डॉक्टर पहिल्यांदा हेच बघतात. पेशंटला स्वतःचीच तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घालायला सांगतात. वर्षानुवर्षं सुपारी चघळून गालाची आतली त्वचा चामड्यासारखी कडक झालेल्या, त्यावर एकदा ऑपरेशन आणि लाईट झालेल्या माणसाचं एक बोट जेमतेम जातं. मानेत परतलेली गाठ बाहेरून टोचता येते. गालाच्या आत, दाढांच्या मागे असलेल्या गाठीत वेगवेगळ्या कोनांतून नऊ मिली द्रव सोडायचा तर आधी तिथवर सुई पोचायला हवी. या चाचण्यांत पेशंट घेताना गाठ टोचण्याजोगी आहे की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचं असतं, आणि एक बोट जाणारा पेशंट त्या पहिल्याच रकान्यात बाद होतो.